वाकणारं पिस्तूल
बंदुकांच्या दुकानात चन्नाप्पानं दोन पिस्तुलं दोन तळहातांवर तोलून बघितली. कबनूरच्या यंत्रमागांच्या वाटणीवरून धाकट्या भावानं, शिवकुमारनं, त्याला भर चौकात ‘आडवा करतो’ म्हणून दम भरला होता. “ह्ये मोठं कमरंला लावा,” दुकानदार म्हणाला. “हात घातला की निघतंय, पण शर्टातनं फुगीर दिसतंय. बारकं मोज्यात बसतंय, कुणाला पत्ता लागत न्हाय. फकस्त काढताना वाकाय लागतंय.” “वाकायचं? चन्नाप्पा आजवर कुणाम्होरं वाकला न्हाय!” “मग मोठंच न्या की. एवढ्या पोटाखाली फुगवटा कोण बघतंय?” चन्नाप्पा मोठं घेऊन ताठ मानेनं गेला. बारकं दुसऱ्या दिवशी शिवकुमारनं नेलं. परवाना त्याच्याकडंही होता, आणि दुकानदारानं दोघांनाही चहा सारखाच पाजला. दसऱ्याला शिवकुमार आपट्याची पानं घेऊन थोरल्याच्या दारात उभा राहिला. चन्नाप्पाचा हात शर्टाखाली गेला. “अण्णा, सणाचं तरी वैर नको. सोनं घे, सोन्यासारखा ऱ्हा.” धाकट्याच्या हातात पानांशिवाय काही नव्हतं, कंबरही सपाट होती. थोरल्यानं पिस्तुलावरचा हात काढून आशीर्वादाला वर केला. शिवकुमार रीतीप्रमाणं पाया पडायला वाकला. त्याचा एक हात थोरल्याच्या पायावर टेकला, दुसरा स्वतःच्या मोज्यात गेला. पोटात गोळी घेऊन चन्नाप्पा जन्मात पहिल्यांदा वाकला, तो थेट धाकट्याच्या पायांवर.