ब्याण्णव

डॉक्टरांनी आईला समजावलं होतं, "याच्या शरीरात पहारेकऱ्यांना आवरणाऱ्या पेशी कमी पडल्या, म्हणून पहारेकरी पेशी घरच्यांवरच तुटून पडल्या. हा मधुमेह त्यातलाच."

तेव्हापासून आई रोज धाकट्याचं बोट टोचायची आणि वर त्याच बोटाचा पापा घ्यायची. थोरलीच्या पोटात दुखायचं. आज आई यायच्या आत तिने आपलंच बोट टोचून साखर मोजायच्या मशीनला लावलं.

आईने आकडा पाहिला आणि धाकट्याला कुशीत ओढलं. "आपलं आपण तपासलंस? ब्याण्णव! गुणाचं गं माझं बाळ!"

धाकटा काही न कळता हसला. रक्त आपलं आणि पापा ह्याला! थोरलीने धुमसत टोचलेलं बोट पाठीमागे लपवलं.

"मग आज इन्सुलिन कमीच देऊया," आई म्हणाली.

थोरलीने ते बोट पुढे केलं.

"आई, थांब. ते ब्याण्णव माझे आहेत."