नुसतीच बटणं

“बटण. बटण. बटण,” सासऱ्यांच्या हातातला फोन बोलत होता. त्यांना दिसत नाही. पडद्यावरचं सगळं फोनच वाचून दाखवतो. माझी तापानं फणफणलेली लेक त्यांच्या मांडीवर होती आणि ते मीच बनवलेल्या ॲपवरून तिचं औषध मागवत होते.

“सूनबाई, बटणं भरपूर दिलीस. यातलं औषधाचं कुठलं?”

मी शेजारच्या खोलीत ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये होते. तिथंच विचारलं, “आपल्या ॲपमधल्या बटणांना फोननं वाचायची नावं का नाहीत?”

“आम्ही तयार बटणं देतो, अंधांना चालतात का ते तपासून,” बटणांचा संच बनवणारे म्हणाले. “नावं ती ॲपमध्ये बसवणाऱ्यानं घालायची.”

“तपासलेली म्हटल्यावर आम्ही परत कशाला बघू?” चाचणीवाले म्हणाले.

बसवणारी मीच. “मला वाटलं, संचातच असतील,” मी पुटपुटले. सगळ्यांचं सगळ्यांना पटलं. नावं कुणी घालायची, हा विषय सोमवारवर गेला.

बाहेर आले, तर सासऱ्यांनी फोन ठेवून दिला होता. चाचपडत आणलेल्या वाटीतल्या पाण्यात रुमाल भिजवून ते लेकीच्या कपाळावर पट्टी ठेवत होते.

“ऐकलं सगळं,” ते म्हणाले. “औषध मागवतेस, की सोमवारपर्यंत पट्ट्याच ठेवू?”