सुटलेली वायर

कुंभार्ली घाटात गाडी बंद पडली. शरयूने कंपनीचं सील तोडून बॉनेट उघडलं. आत एक वायर सुटली होती. तिने ती जोडली आणि गाडी सुरू झाली.

"हात चांगला आहे हो तुझा," मागे बसलेले सासरे, दत्ताराम, कौतुकाने म्हणाले.

घाट उतरल्यावर चिपळूणचा रस्ता सोडून गाडी आपणहून भलतीकडेच वळली. स्टिअरिंग फिरेना, दारं उघडेनात.

"अनधिकृत दुरुस्ती आढळली आहे," गाडीतला आवाज शांतपणे म्हणाला. "आपण सेवाकेंद्रात जात आहोत. तपासणी होईपर्यंत आपल्या कुटुंबातली कंपनीची सगळी उपकरणं बंद राहतील."

शरयू घरातला फ्रिज, पंप आठवत राहिली.

"अगं," दत्ताराम छातीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "माझा पेसमेकरही यांचाच ना?"