मंडळाचा पहिला ठराव

त्या काळी केबिन रोडला चार-सहाच दुकानं होती आणि दुकानदार एकमेकांची तोंडंही बघत नसत. नवघरच्या शकूताई तिथे चहाची गाडी लावायच्या. शिंपी कमळाकर आणि कापडवाले जयंतीभाई यांना एका बाकड्यावर बसवलं ते त्यांनीच. "गिऱ्हाईक एकमेकांकडं धाडा रं. भांडून कोनाचा भला झालाय?"

मग भांडीवाला आला, किराणावाला आला. रोजच्या चहावर ओळखी वाढल्या, सगळ्यांचा माल मुंबईहून एकाच टेम्पोने यायला लागला, दुकानं भरभराटली. शेवटी त्यांनी रीतसर व्यापारी मंडळ काढलं. पहिल्या सभेला शकूताई नवं लुगडं नेसून, कौतुकाने पुढेच बसल्या. अध्यक्ष झालेल्या कमळाकरने पहिला ठराव वाचला : "दुकानांसमोर उभ्या राहणाऱ्या सगळ्या हातगाड्या हटवण्यात याव्यात."

टाळ्या कडाडल्या. टाळीसाठी उचललेले शकूताईंचे हात तसेच राहिले. त्या उठून दाराकडे निघाल्या, तसा कमळाकर लगबगीने मागे आला.

"ताई, गाडी उद्या हलवा हो. आज पाहुण्यांचा चहा व्हायचाय अजून."