झऱ्याची सफाई

झऱ्यापाशी पोचताच परवीन थबकली. काठचे दगड चुन्याने रंगवलेले होते, वर आंब्याच्या पानांचे तोरण बांधले होते, आणि तळाचा खडक नुकत्याच घासलेल्या परातीसारखा चमकत होता. शेवाळाचा ठिपका नव्हता. नेच्याचे एक पान नव्हते.

"काल आख्खी वाडी राबलीया," सरपंच हैबतराव छाती काढून म्हणाले. "मागं आरोग्याचे सायेब आलते, तवा लई बोलले. पाण्यात किडं काय, शेवाळ काय! म्हनलं, या वक्ताला कुणाचं बोलणं खायाचं न्हाई."

वरच्या पठारावर खडीची खाण व्हायची होती. सुरुंगांमुळे खालच्या पाण्याचे आणि त्यावर जगणाऱ्यांचे काय होईल, हे पाहण्यासाठी सरकारी समितीने पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकलेल्या परवीन तांबोळीला पाठवले होते. पाहणी एकदाच होणार होती. बारमाही ओलीवर वाढणारे जीव झऱ्यात आढळले, तर खाणीला दुसरी जागा शोधावी लागणार होती. न आढळले, तर हरकत नाही असे लिहून देणे भाग होते. आणि वैशाखात या वाडीला दुसरे पाणी नव्हते.

"सुरेख!" कंपनीचे इंजिनिअर राजवाडे म्हणाले. "काही आढळलं नाही, असं लिहा आणि चला. जेवायला ताम्हिणीला पोचू."

परवीनने त्यांच्याकडे पाहिले नाही. "काढलेलं सगळं कुठं टाकलंत?" तिने हैबतरावांना विचारले.

भोवती जमलेल्या बायकांत हसू पसरले. म्हातारी धोंडाबाई पुढे आली. "तू पौडच्या अलाउद्दीन तांबोळ्याची लेक न्हवं? दुकानात गल्ल्यावर बसायचीस की! एवढी शिकलीस, आन् आमचा उकिरडा बघाया आलीस व्हय गं?"

"हो आजी. उकिरडाच दाखवा."

ढीग जांभळीच्या सावलीत होता, म्हणून अजून ओला होता. परवीनने पदर खोचला, उकिडवी बसली आणि दोन्ही हात त्यात घातले. शेवाळाच्या गाद्या निघाल्या. मलूल, पण हिरवे नेचे निघाले. एक खेकडा नांगी उगारून निघाला, तशी बायकांची रांग खिदळत मागे सरली.

"बाई, हा कचरा आहे," राजवाडे शांतपणे म्हणाले. "हा कुठूनही आणलेला असू शकतो. समितीपुढे मी हेच म्हणेन."

"म्हणायलाच हवं," परवीन उठत म्हणाली. "मीसुद्धा म्हणाले असते."

तिने नेच्याचा एक गड्डा उचलून झऱ्याकाठी आणला. वर्षानुवर्षे खडकाच्या फटीत दाटलेल्या मुळांनी त्या फटीचाच आकार घेतला होता. "आजी, हा कुठून काढला?"

"हितनं." धोंडाबाईने विचार न करता खडकातल्या एका खाचेवर बोट ठेवले. "खुरपं निसटून हात सोलला न्हाई का माझा!"

परवीनने गड्डा खाचेत दाबला. तो बसला. तिने हात काढून घेतला, तरी हलला नाही.

"आता तुम्ही निवडा," ती राजवाड्यांना म्हणाली. "ढिगातला कुठलाही."

राजवाडे क्षणभर घुटमळले. पण माणूस खोटा नव्हता. त्यांनी बाह्या सारल्या, ढीग उपसला आणि अगदी तळातला, वेडावाकडा गड्डा काढला. बायकांनी तो हातोहात फिरवून पाहिला. "ह्यो माझा," एकजण म्हणाली, आणि पलीकडच्या कपारीकडे गेली. राजवाड्यांनी स्वतः तो बसवला. वाकड्या कपारीत वाकडी मुळे मुठीसारखी घट्ट रुतली.

मग ते खिशातून रुमाल काढून बोटे पुसत राहिले.

हैबतरावांचा चेहरा उतरला होता. "म्हंजे आमचं साक्षीदार आमीच उपटलं म्हना की!"

"तुमीच वराडत व्हता, चकचकीत करा, चकचकीत करा!" धोंडाबाई फणकारली. "आता उचला पाटी."

"जे काढलं, ते लागवडीसारखं परत लावा," परवीन म्हणाली. "काल काय झालं आणि आज काय पाहिलं, दोन्ही मी जसंच्या तसं लिहिणार आहे. राजवाडेसाहेब, खाली तुमचीही सही लागेल."

"करीन," राजवाडे म्हणाले.

ढिगाच्या कडेचे शेवाळ हलले. त्याखालून अंगठ्याएवढा बेडूक बाहेर आला, क्षणभर गळा फुगवून थांबला आणि झऱ्याच्या दिशेने टुणटुणत निघाला. पाट्या उचललेल्या बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. वाटेत राजवाड्यांचा चकचकीत बूट होता.

"सायेब," धोंडाबाई म्हणाली, "पाय घ्या मागं. त्याला जायाचंय."

राजवाड्यांनी पाय मागे घेतला.