सातवा सूर

निपाणीत बुद्धप्रियचा कीबोर्डचा क्लास एका बंद तंबाखूच्या वखारीला लागून होता. त्या दुपारी तो लेकीला, करिष्माला, परीक्षेसाठी शिकवत होता.

"सातवा सूर 'बी', म्हंजे आपला 'नी'. याला लीडिंग नोट म्हणत्यात. हितं थांबलं की कान पुढच्या 'सी'साठी, वरच्या 'सा'साठी, तळमळतोय. बघ."

'सी'पासून एकेक पट्टी दाबत तो 'बी'पर्यंत गेला आणि त्यानं बोट उचललं.

भिंतीपलीकडून कुणा बाईनं 'सी' गुणगुणला.

"वखारीत कोण हाय, आप्पा?"

"कुणी न्हाय गं. कुलूप गंजून गेलंय तिचं."

त्यानं पुन्हा तसंच वाजवून 'बी'वर सोडलं. पुन्हा 'सी' आला, या खेपेला भिंतीला तोंड लावल्यासारखा.

बुद्धप्रियनं कीबोर्ड बंद केला. "चल, घरी जाऊ."

तेवढ्यात पलीकडची बाई स्वतःच गुणगुणू लागली. सावकाश, एकेक सूर चढत ती 'बी'पर्यंत आली आणि थांबली.

वाट बघत राहिली.

बुद्धप्रियच्या घशात आपोआप 'सी' वर चढू लागला. त्यानं दात आवळले आणि करिष्माच्या तोंडावर तळहात दाबला.

तळहाताखाली तिचे मिटलेले ओठ गुणगुणू लागले.