चौकटीतला मामा

"माझ्या मुलाचं नाव नीट चढलंय ना, तेवढं बघता का?"

पाळणाघराच्या दारातल्या त्या माणसाला मावशींनी लगेच ओळखलं. दुपारीच तो मुलाचं नाव घालून गेला होता. मुलगा उद्यापासून यायचा होता. मावशींनी कॉम्प्युटरवर मुलाचं पान उघडलं. नाव बरोबर होतं. शेजारच्या चौकटीत दुपारी त्यांनीच काढलेला बापाचा फोटो होता: जाड मिशी, हनुवटीवर तीळ.

"छान. आता भाचीलाही घेऊन जातो," तो म्हणाला आणि खिडकीजवळ ठोकळे रचणाऱ्या चिमीकडे त्याने बोट केलं. "ताईला उशीर होतोय."

मावशींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मुळात स्वभावच ताकसुद्धा फुंकून पिण्याचा. दुपारी हा बाबा जगातलं सगळं बोलला, पण आपली भाची इथेच असते हे काही बोलला नाही. त्यात चिमीच्या आईबापांची कोर्टात जुंपलेली. "ज्याचा फोटो मी देईन त्याच्याच हाती माझी पोर द्या, दुसऱ्या कुणाच्याही नाही," असं तिच्या आईने मावशींचा हात धरून सांगितलं होतं. तिने फोटो दिला की नाही, हे मात्र मावशींना ठाऊक नव्हतं. फोटो चढवायचं काम पाळणाघर चालवणाऱ्या मॅडमचं.

हे कोण गं, असं त्यांनी चिमीला विचारलं. चिमी ठोकळ्यांकडेच बघत राहिली. वर्षभर बाहेरगावी होतो, विसरली असेल, असं तो माणूस हसत म्हणाला. हे तर मावशींना अजिबात पटलं नाही. त्यांनी आईला फोन लावला, तो लागेना.

मॅडमना विचारायची सोय नव्हती. मागच्याच आठवड्यात मावशींनी एका खऱ्याखुऱ्या आजोबांना ताटकळत ठेवलं, तेव्हा मॅडम फार चिडल्या होत्या. हा नवा प्रोग्राम काय शोभेला घेतलाय? नाव टाका, फोटो बघा, मूल सोडा, आणि तुमचा संशय घरी ठेवून येत जा, असं त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं.

मावशींनी चिमीचं नाव टाकलं. पान बदललं. चिमीचं नाव, आईचं नाव, पत्ता. आणि न्यायला येणाऱ्याच्या चौकटीत जाड मिशी, हनुवटीवर तीळ.

मावशी चांगल्याच ओशाळल्या. राग मानू नका हो, मुलांची जबाबदारी म्हणजे जिवाला घोर असतो, असं त्या पुन्हापुन्हा म्हणाल्या. चिमीला बूट घालून दिले, दप्तर अडकवलं.

"जा गं राणी, मामाच आहे तुझा."

तो चिमीला कडेवर घेऊन गेला. गाडी कोपऱ्यावरून वळली. मावशींना हायसं वाटलं.

तेवढ्यात गोट्याची आजी धापा टाकत आली. गोट्याचा आज पहिलाच दिवस होता. आता मावशी नियमाच्या पक्क्या झाल्या होत्या. त्यांनी गोट्याचं नाव टाकलं. नाव-पत्ता बदलला, पण चौकटीत मघाचाच मिशीवाला तसाच होता.

"काय हो आजी, गोट्यापण यांचाच भाचा का?" मावशींनी हसत विचारलं.

आजीने चष्मा सावरून पडद्याकडे पाहिलं. "कोण हा? आणि आमच्या गोट्याच्या पानावर फोटो कुठून येणार? तो द्यायचा राहिलाय म्हणून तर मी आत्ता माझा घेऊन आलेय."